पाण्याऐवजी माती: हेन्री मोल यांचा शोध

फ्लशचे बटण दाबले की मैला डोळ्यांआड होतो. तो पुढे कुठे जातो, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका लहान गावच्या धर्मोपदेशकाने तो विचारला आणि आयुष्याची अखेरची वीस वर्षे त्याच्या उत्तरात घालवली. त्यांचे नाव हेन्री मोल. ते डॉक्टर नव्हते, इंजिनीअर नव्हते, रसायनशास्त्रही शिकलेले नव्हते. परंतु सांडपाणी आणि मैला यांच्या शुद्धीकरणाचा इतिहास सांगताना त्यांचे नाव आजही घ्यावे लागते.

मोल यांचा जन्म २७ जानेवारी १८०१ रोजी विल्टशायरमधील मेल्कशॅम येथे झाला. वडील वकील आणि सावकारी पेढीचे मालक. हेन्री हे त्यांचे सहावे चिरंजीव. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजातून १८२१ मध्ये त्यांनी पदवी घेतली आणि दोन वर्षांनी चर्चच्या सेवेत प्रवेश केला. १८२४ मध्ये मेरी इव्हान्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८२९ मध्ये डॉर्सेट परगण्यातील फोर्डिंग्टन या गावच्या चर्चची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पुढची एक्कावन्न वर्षे, म्हणजे मृत्यूपर्यंत, त्यांनी ते गाव सोडले नाही.

सुरुवातीला गावाला ते फारसे आवडले नाहीत. स्वभाव कडक, धर्माच्या बाबतीत तडजोड नाही आणि मनात आले ते तोंडावर बोलण्याची सवय. शेजारच्या डॉर्चेस्टर शहरात घोड्यांच्या शर्यती भरत. त्यातून जुगार आणि दारू फोफावते म्हणून त्यांनी विरोध केला आणि १८३३ मध्ये त्या शर्यती बंद पडल्या. साहजिकच लोकांचा रोष ओढवला. त्याच सुमारास डॉर्चेस्टरच्या लष्करी बराकीतील शिपायांचे धर्मगुरू म्हणूनही ते काम पाहू लागले. तिथे केलेल्या प्रवचनांचे पुस्तक निघाले आणि त्याच्या उत्पन्नातून त्यांनी १८४६ मध्ये एक नवे चर्च बांधले. अंगावर घेतलेले काम तडीस न्यायचे, ही त्यांची रीत होती.

पटकीची दोन वर्षे

फोर्डिंग्टन हे फ्रोम नदीच्या काठचे गाव. आज ते डॉर्चेस्टर शहराचाच भाग आहे. त्या काळी शहराभोवतीची बरीचशी जमीन कॉर्नवॉलच्या डची या राजघराण्याच्या जहागिरीची होती. त्यामुळे शहराला पसरायला जागा नव्हती आणि गरिबांची दाटी कडेच्या वस्त्यांत होत असे. फोर्डिंग्टनमधली मिल स्ट्रीट ही अशीच एक वस्ती. घरे लहान, माणसे फार आणि संडास जवळपास नाहीतच. घाण उघड्या गटारात किंवा गिरणीच्या तळ्यात टाकली जाई. त्याच तळ्याच्या पाण्यात कपडे धुतले जात आणि प्रसंगी तेच पाणी प्यायलाही वापरले जाई. थॉमस हार्डी यांच्या ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’ या कादंबरीतली मिक्सन लेन नावाची बदनाम वस्ती याच भागावरून घेतली आहे.

१८४९ मध्ये इथे पटकीची साथ आली. १८५४ मध्ये ती पुन्हा आली. या दुसऱ्या खेपेचे कारण बोलके आहे. लंडनच्या मिलबँक तुरुंगात पटकी पसरल्याने तिथले काही कैदी डॉर्चेस्टरच्या बराकीत हलवण्यात आले. त्यांचे कपडे धुण्याचे काम फोर्डिंग्टनच्या बायकांनी घेतले. गरिबाघरी चार पैसे येणार होते, पण कपड्यांबरोबर रोगही घरात आला. मोल त्या दिवसांत घरोघर फिरत राहिले. आजाऱ्यांजवळ बसणे, मृतांना मूठमाती देणे आणि मागे राहिलेल्यांची सोय लावणे, ही सारी कामे त्यांनी केली. ज्यांनी कधीकाळी त्यांचा राग केला होता, त्यांच्या मनात त्यानंतर त्यांच्याविषयी आदर निर्माण झाला.

पटकी म्हणजे कॉलरा. त्याचे जंतू रोग्याच्या विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातात. जंतूंच्या विषामुळे आतड्यातून पाणी आणि क्षार इतक्या वेगाने बाहेर पडतात, की काही तासांत माणूस दगावू शकतो. हे आज शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. १८५४ मध्ये मात्र ते सर्वमान्य नव्हते. त्याच वर्षी लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी एका पंपाच्या पाण्याचा आणि मृत्यूंचा संबंध दाखवला होता, पण बहुसंख्य डॉक्टर तेव्हाही दुर्गंधीलाच दोष देत होते. रॉबर्ट कॉख यांचे कॉलऱ्याच्या जंतूवरचे निर्णायक संशोधन त्यानंतर तीस वर्षांनी आले.

मोल यांना जंतूंची कल्पना नव्हती. मात्र दिसत होते ते त्यांनी नीट पाहिले. जिथे मैला साचतो आणि पाण्यात मिसळतो, तिथे माणसे मरतात. फोर्डिंग्टनची जमीन ज्या डचीची होती, तिच्या मंडळाचे अध्यक्ष होते राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट. मोल यांनी त्यांनाच पत्रे लिहायला घेतली. घरांची अवस्था, गटारे, पाणी आणि जमीनमालकाची जबाबदारी, सगळे त्यांनी मांडले. अशी आठ पत्रे १८५५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. एका खेड्यातल्या धर्मोपदेशकाने राजघराण्याला जाहीरपणे जाब विचारणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पत्रांनी वस्ती एका रात्रीत बदलली नाही. पण मोल यांच्या मनात या विषयाने कायमचे घर केले.

बादली, चर आणि माती

१८५८ च्या उन्हाळ्यात लंडनच्या थेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली, की संसदेचे कामकाज चालवणे कठीण झाले. घरोघरच्या नव्या फ्लशच्या संडासांतला मैला नदीत येत होता. त्यानंतर लंडनने प्रचंड भुयारी गटारे बांधली. मैला पाण्याबरोबर वाहून न्यायचा, हा मार्ग मोठ्या शहरांनी स्वीकारला.

पुढच्याच उन्हाळ्यात, १८५९ मध्ये, मोल यांनी स्वतःच्या घरापासून वेगळ्या मार्गाची सुरुवात केली. त्यांच्या घरामागे मैल्याचा खड्डा होता. त्याचा त्रास घरच्यांना होई, तसाच शेजाऱ्यालाही. मोल यांनी तो खड्डा बुजवून टाकला आणि घरातल्या सगळ्यांना बादल्या वापरायला सांगितले. बादल्यांतला मैला बागेत साधारण फूटभर खोल चरात पुरला जाऊ लागला. तीन-चार आठवड्यांनी एका जागी पुन्हा खणण्याची वेळ आली, तेव्हा तिथे मैल्याचा मागमूसही नव्हता. होती ती फक्त माती.

इतरांनी कदाचित नाक मुरडून विषय सोडून दिला असता. मोल यांनी प्रयोग वाढवला. त्यांनी एक छप्पर उभारले, त्याखाली कोरडी माती चाळून ठेवली आणि रोज सकाळी बादल्यांतला मैला त्या मातीत मिसळायला सुरुवात केली. एका पोऱ्याचे पंधरा मिनिटांचे काम. ते संपल्यावर दहा मिनिटांत ना काही दिसे, ना वास येई. पुढे त्यांच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. तीच माती वाळवून पुन्हा वापरली तरी तेवढेच काम करत होती. एकच माती त्यांनी चार-पाच वेळा वापरून पाहिली.

मातीत नेमके काय घडत होते? पहिली गोष्ट म्हणजे कोरडी माती मैल्यातले पाणी शोषून घेते. मैला ओला आणि हवाबंद राहिला, तर हवेशिवाय जगणारे सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांच्यामुळे दुर्गंधीयुक्त वायू तयार होतात. तो मोकळा आणि कोरडा राहिला, तर प्राणवायू लागणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि वास फारसा येत नाही. दुसरी गोष्ट, चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण अमोनियासारखे पदार्थ धरून ठेवतात. म्हणूनच चिकणमातीचा अंश असलेली माती मोल यांना मानवली आणि वाळू कुचकामी ठरली. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मातीतले असंख्य जीवाणू, बुरशी आणि किडे मैल्याचे विघटन करून त्याची मातीच बनवतात.

हे स्पष्टीकरण मोल यांना देता आले नसते. ते त्यांच्या हयातीतच फ्रान्समध्ये मिळू लागले होते. १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युंत्झ या दोन शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडीच्या थरातून सांडपाणी हळूहळू झिरपवले. पहिले वीस दिवस काहीच फरक पडला नाही. नंतर सांडपाण्यातल्या अमोनियाचे नायट्रेट होऊ लागले. थरात क्लोरोफॉर्म सोडल्यावर ही क्रिया थांबली आणि मातीचे धुवण घातल्यावर पुन्हा सुरू झाली. हे काम रसायनांचे नसून सजीवांचे आहे, हे त्यातून सिद्ध झाले. सांडपाणी शुद्धीकरणाच्या आधुनिक केंद्रांचा पाया हाच आहे. तिथल्या टाक्यांत हवा सोडतात ती असल्याच सूक्ष्मजीवांसाठी.

पेटंट आणि प्रसार

२८ मे १८६० रोजी मोल यांनी जेम्स बॅनर यांच्या भागीदारीत आपल्या मातीच्या संडासाचे पेटंट घेतले. रचना साधी होती. लाकडी बैठक, खाली बादली आणि पाठीमागे कोरड्या मातीचा कप्पा. विधी आटोपल्यावर दांडा ओढला की मोजकी माती बादलीत पडे. पाण्याच्या टाकीऐवजी मातीची टाकी, एवढाच काय तो फरक. नळ नको, गटार नको.

मोल यांनी पुस्तिका लिहून, पत्रे पाठवून या पद्धतीचा प्रचार केला. राष्ट्राचे आरोग्य आणि राष्ट्राची संपत्ती या दोन्ही गोष्टी मातीच्या संडासाने साधतील, असे त्यांचे म्हणणे होते. पाण्याने मैला वाहून नेणे म्हणजे नदी बिघडवणे आणि खत वाया घालवणे, हा त्यांचा मुख्य मुद्दा. तो पटवण्यासाठी एका शेतकऱ्याच्या शेतात प्रयोग झाला. अर्ध्या शेताला पाच वेळा वापरलेली माती आणि अर्ध्याला तेवढ्याच किमतीचे सुपर फॉस्फेट घालून दोन्हीकडे सलगम लावले. मातीच्या बाजूचे सलगम एक तृतीयांशाने मोठे निघाले, असे नोंदले गेले.

शाळांनीही ही पद्धत घेतली. लँकेस्टरच्या एका शाळेत पाण्याचे संडास सारखे तुंबत, कारण मुले त्यांत गोट्या आणि लॅटिन व्याकरणाच्या पुस्तकांची पुठ्ठ्याची वेष्टने टाकत. मातीच्या संडासाने तिथली डोकेदुखी संपली. १८६८ मध्ये विम्बल्डन येथे स्वयंसैनिकांची मोठी छावणी भरली होती. तिथे १४८ मातीचे संडास ठेवण्यात आले. हजारोंच्या वापरानंतरही दुर्गंधीची तक्रार नव्हती, याची दखल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने घेतली. तुरुंग, रुग्णालये आणि छावण्यांत या पद्धतीचा बोलबाला झाला.

भारतातला मातीचा संडास

मोल यांच्या पद्धतीचा सर्वांत मोठा वापर झालेल्या देशांत भारताचे नाव येते. १८५७ नंतर ब्रिटिश सरकारला आपल्या शिपायांच्या आरोग्याची काळजी पडली होती. लढाईपेक्षा पटकी, हगवण आणि विषमज्वराने अधिक शिपाई मरत होते. छावण्यांत आणि तुरुंगांत भुयारी गटारे घालणे खर्चाचे होते, माती मात्र फुकट होती. त्यामुळे कोरड्या मातीची पद्धत इथल्या बराकी आणि तुरुंगांत मोठ्या प्रमाणावर आली.

परंतु इथे तिची दुसरी बाजू उघड झाली. माती खणायची, वाळवायची, चाळायची, बादल्या उचलायच्या, मैला वाहून चरात पुरायचा. हे काम कुणी करायचे? मोल यांच्या घरी ते पोऱ्याचे पंधरा मिनिटांचे काम होते. भारतात ते एका जातीच्या माथी जन्मभरासाठी मारले गेले. मैला वाहण्याची सक्ती इथे आधीपासून होती. सरकारी व्यवस्थेने तिला नोकरीचे आणि नियमाचे रूप दिले. टोपलीच्या संडासांची ही परंपरा स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षे टिकली. १९९३ आणि २०१३ मध्ये कायदे करून माणसाकडून मैला उचलून घेण्यावर बंदी घालावी लागली. शुद्धीकरणाची पद्धत कागदावर कितीही निर्दोष असली, तरी ती कुणाच्या हातांवर उभी आहे, हे पाहिल्याशिवाय तिचा हिशेब पूर्ण होत नाही.

कणकवलीच्या गोपुरी आश्रमाचे अप्पासाहेब पटवर्धन यांनी हा हिशेब नेमका ओळखला होता. मैला सफाईचे काम त्यांनी स्वतः हाती घेतले आणि मैल्याचे खत करणारे संडास खेड्यात रुजवण्यासाठी आयुष्य वेचले. सोनखत या जुन्या शब्दाला त्यांच्यासारख्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली.

जिथे गणित चुकले

मोल यांच्या सगळ्याच अपेक्षा खऱ्या ठरल्या नाहीत. वापरलेल्या मातीला खत म्हणून मोठा भाव येईल, त्यातून गावांचा कर कमी होईल, अशी त्यांची खात्री होती. १८७२ मधल्या त्यांच्या एका पुस्तिकेचा विषयच हा होता. रसायनतज्ज्ञांनी माती तपासली, तेव्हा ती बागेतल्या चांगल्या मातीपेक्षा थोडीशीच सकस निघाली. एक तर मैल्याच्या मानाने मातीचे प्रमाण फार होते. शिवाय नायट्रोजनचा बराच भाग वायुरूपाने उडून जात होता. एवढे वजन दूरच्या शेतावर वाहून नेणे परवडणारे नव्हते.

मोठ्या शहरांत तर रोज गाडीभर कोरडी माती प्रत्येक गल्लीत पोचवायची आणि परत न्यायची, हे अशक्यच. स्वयंपाकघरातले आणि न्हाणीघरातले सांडपाणी मातीच्या संडासात जात नसे, त्यामुळे त्यासाठी गटार लागतच होते. शहरांनी नळ आणि भुयारी गटारे निवडली. खेड्यांत मात्र मातीचे संडास विसाव्या शतकातही बरीच वर्षे टिकून होते.

आणखी एक मर्यादा आज स्पष्टपणे सांगता येते. वास गेला म्हणजे धोका गेला असे नाही. मातीत मिसळल्यावर रोगजंतू हळूहळू मरतात, पण त्याला वेळ लागतो. गोल जंतांची अंडी तर मातीत कित्येक महिने, अनुकूल स्थितीत वर्षाहूनही अधिक काळ तग धरतात. काही आठवड्यांनी दिसेनासा झालेला मैला हाताळायला सुरक्षित असतोच असे नाही. मोल यांच्या काळी नाक हीच कसोटी होती आणि ती अपुरी होती.

अखेर आणि वारसा

वयाच्या सत्तरीनंतरही मोल स्वस्थ बसले नाहीत. १८७४ मध्ये त्यांनी ‘टाइम्स’मध्ये दोन पत्रे लिहून डॉर्सेटच्या किनाऱ्यावरील तेलयुक्त खडकापासून गॅस काढण्याची कल्पना मांडली. १८७७ मध्ये पत्नी मेरी यांचे निधन झाले. ३ फेब्रुवारी १८८० रोजी फोर्डिंग्टनच्या त्याच घरात मोल यांनी अखेरचा श्वास घेतला. त्यांच्या मुलांपैकी हँडली पुढे डरहॅमचे बिशप झाले, जॉर्ज आणि आर्थर चीनमध्ये धर्मप्रसारक होते. होरेस हे हार्डी यांचे जिवलग मित्र. हार्डी यांच्या ‘टेस’ या कादंबरीतल्या कडक, पण मनाने प्रेमळ अशा धर्मोपदेशकात मोल यांची छाया दिसते, असे मानले जाते.

मोल यांचा लाकडी संडास आज बहुतेक संग्रहालयातच पाहायला मिळतो. त्यांची मूळ कल्पना मात्र जिवंत आहे. आपल्या खेड्यांत बांधले जाणारे दोन शोषखड्ड्यांचे शौचालय त्याच तत्त्वावर चालते. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा. भरलेला खड्डा किमान वर्षभर तसाच ठेवायचा. तेवढ्या काळात मातीतले जीव आपले काम करतात, बहुतेक रोगजंतू मरतात आणि उरते ते भुसभुशीत, वास नसलेले खत. ओला मैला कुणालाही उचलावा लागत नाही. मोल यांच्या बादलीत नेमकी याच गोष्टीची उणीव होती.

मातीची ताकद मात्र अमर्याद नाही, हे विसरून चालत नाही. खड्डा विहिरीला किंवा हातपंपाला खेटून असेल, भूजल उथळ असेल किंवा कातळाला भेगा असतील, तर मैल्यातले जंतू आणि नायट्रेट थेट पिण्याच्या पाण्यात उतरतात. पावसाळ्यात पाण्याची पातळी वर येते, तेव्हा हा धोका अधिक वाढतो. काळ्या चिकण जमिनीत पाणी मुरत नाही, तिथे रचना बदलावी लागते. एकाच भरलेल्या टाकीतून बाहेर पडणारे पाणी गावच्या ओढ्यात सोडले, तर ती मिल स्ट्रीटचीच पुनरावृत्ती होते.

लहान गावाला प्रचंड शुद्धीकरण केंद्र परवडत नाही आणि बहुतेकदा त्याची गरजही नसते. विहिरीपासून पुरेसे अंतर, पाणी मुरणारी जमीन, दोन खड्डे आणि वर्षभराचा धीर एवढ्याने बरेच काम होते. घाण दूर ढकलणे आणि घाण नाहीशी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मोल यांना बागेतल्या एका चरात उमगले. कुठल्याही गावाने शौचालयाचा खर्च मंजूर करण्यापूर्वी एवढे जरूर विचारावे: यातला मैला शेवटी मातीत जाणार आहे, की कुणाच्या तरी पाण्यात?